सहा रंगांच्या नळ्या

२१ एप्रिल २०२४, रविवार

स्टुडिओतल्या प्रिंटरच्या फिकट निळ्या शाईच्या नळीत पुन्हा हवा शिरली आहे. बोटाच्या पेराएवढा रिकामा तुकडा नळीतून मागेपुढे सरकताना दिसतो. नोझल चेक काढला तर त्याच रंगाच्या रेघा मध्येच तुटलेल्या. हेड क्लीनिंग मारलं की एक प्रिंट बरी येते, पुढच्या प्रिंटला गालावर पट्टे. किट, म्हणजे प्रिंटरला बाहेरून जोडलेली शाईची टाकी आणि नळ्या, जुनं झालंय. नळ्या पिवळ्या पडून कडक झाल्या आणि कार्ट्रिजच्या तोंडाशी जी रबरी बुचं असतात ती ढिली पडली. हवा तिथूनच येते. क्लीनिंग मारत राहिलं तर शाई नुसती वेस्ट पॅडमध्ये जाते, हवा जागच्या जागीच राहते.

लग्नसराई ऐन भरात आहे. लग्नाचे मोठे अल्बम लॅबला जातात, त्याची चिंता नाही. पासपोर्ट, चार बाय सहा आणि ए-फोर मात्र इथंच निघतात. आणि या ए-फोरबद्दलच माझा जीव अडकतो. मोताळ्यात ए-फोर फोटो कुणी हौसेनं काढत नाही. तो बहुतेक वेळा भिंतीवर लागणार असतो, हार घालून.

किट बदलायचं की प्रिंटरच बदलायचा, हे पावसाळ्यापूर्वी ठरवायला हवं. घाई करायची नाही. जे कळेल ते इथं लिहून ठेवायचं.

२४ एप्रिल

मलकापूरचा मेकॅनिक आला होता. प्रिंटर उघडून पाहिला. हेड चांगलं आहे म्हणाला, नवं किट टाकलं की अजून दोन-तीन वर्षं सहज चालेल. कंपनीच्या टाकीचा नवा प्रिंटर घ्यायचा म्हटलं तर एकदम वीस हजारांच्या वरची उडी. किट त्याच्या कितीतरी कमी पैशांत.

त्याच्यासोबत काम शिकणारा एक मुलगा होता. त्यानं शाईची टाकी उचलून प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली. म्हणे, वर असली तर शाई आपोआप उतरेल. मेकॅनिकनं लगेच खाली ठेवायला लावली. हा गैरसमज बऱ्याच स्टुडिओंत पाहिलाय, म्हणून नीट लिहितो.

हेडची छिद्रं केसाहूनही बारीक असतात. त्या छिद्रांच्या तोंडाशी शाई स्वतःच्या पृष्ठताणानं धरलेली असते. मागून तिला किंचित ओढ हवी, म्हणजे शाईची पातळी हेडपेक्षा थोडी खालीच हवी. टाकी वर ठेवली तर शाई छिद्रांतून गळते, रंग एकमेकांत मिसळतात, खाली डबकं होतं. फार खाली ठेवली तर ओढ वाढते, मोठ्या गडद फोटोच्या मध्यावर शाई पुरत नाही आणि पट्टे पडतात. म्हणून टाकी आणि प्रिंटर एकाच सपाट टेबलावर. त्यात वाद नाही.

टाकीत प्रत्येक रंगाचे दोन कप्पे असतात. मोठा कप्पा बुचानं बंद, लहान कप्प्याला हवेची गाळणी. मोठ्यात शाई कितीही असो, हेडला कळते ती फक्त लहान कप्प्यातली पातळी, आणि ती जवळपास कायम एकच राहते. कोंबडीच्या पिलांना पाणी ठेवायचं उपडं भांडं असतं ना, ताटलीतलं पाणी कमी झालं की एक बुडबुडा वर जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं, अगदी तेच. सतराव्या शतकातल्या मारियॉत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं ही युक्ती ओळखली जाते. शाई भरताना आधी लहान कप्प्याचं बूच लावायचं, मगच मोठ्याचं उघडायचं. क्रम उलटा झाला की लहान कप्पा तुडुंब भरतो, गाळणी भिजते, आणि मग हवाच आत जात नाही.

३० एप्रिल

दुपारी दुकानात थांबवत नाही. वर टिनाचं छत, कूलर नुसती गरम हवा फेकतो. टाकीच्या लहान कप्प्यांतली शाई आज सकाळपेक्षा चांगलीच वर आलेली दिसली. काळ्या रंगाच्या गाळणीला तर काठोकाठ.

कारण साधं आहे. मोठ्या बंद कप्प्यात शाईच्या वर हवा कोंडलेली असते. पहाटे पंचवीस अंश, दुपारी बेचाळीस. एवढ्या फरकानं हवा पाच-सहा टक्के फुगते. शंभर मिलीलिटरचा कप्पा अर्धा रिकामा असेल तर सुमारे तीन मिलीलिटर शाई लहान कप्प्यात ढकलली जाते. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून लिहिलेल्या सूचनांत हे कुठं नसतं. इथं वैशाखात टाकी अर्ध्यावर येऊ द्यायचीच नाही, भरलेली ठेवायची, म्हणजे आत हवाच कमी राहील.

दुसरा शत्रू वीज. छपाई चालू असताना लाइन गेली की हेड आपल्या जागेवर परत जात नाही, मध्येच उघडं राहतं. जागेवर गेलं तर खाली रबराची टोपी लागते, छिद्रं ओली राहतात. या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या हेडवर शाई सुकायला फार वेळ लागत नाही. प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्यायचा, नवा असो की जुना. वायरमनला आज सांगून ठेवलं.

४ मे

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. नळ्यांचा हा प्रकार आला कुठून, ते वाचत बसलो.

इंकजेटची दोन घराणी. एकात शाई तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंब बाहेर ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली, तिथून ही कल्पना निघाली. दुसरं घराणं एप्सनचं. त्यात उष्णता नाही. वीज दिली की वाकणारा स्फटिक असतो, तो शाईला दाबतो. हे हेड टिकाऊ असतं आणि प्रिंटरमध्येच कायम बसवलेलं असतं. कार्ट्रिज म्हणजे फक्त शाईचा डबा. म्हणूनच बाहेरून नळ्या जोडायचा उद्योग सगळ्यात जास्त एप्सनवर झाला. आमच्या भागात आर-२३० आणि टी-६० हे प्रिंटर ज्यानं वापरले नाहीत असा फोटोग्राफर सापडणं अवघड. एका कार्ट्रिजमध्ये दहा-बारा मिलीलिटरच्या आतबाहेर शाई, आणि लग्नसराईत ती दोन दिवसही पुरायची नाही. मग बाजारातली टाकी, सहा नळ्या, आणि कार्ट्रिजवर आपोआप रीसेट होणारी चिप. कार्ट्रिजची चिप शाई मोजत नाही, ती फक्त किती थेंब उडाले याचा हिशेब ठेवते आणि हिशेब संपला की कार्ट्रिज रिकामं म्हणून काम थांबवते. रीसेट चिप तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

इंडोनेशियातही आपल्यासारखंच चाललं होतं. तिथले दुकानदार प्रिंटर घ्यायचे आणि घरी नेण्याआधीच त्याला बाहेरची टाकी लावून घ्यायचे. शेवटी २०१० मध्ये एप्सननं स्वतःच टाकी लावलेला प्रिंटर पहिल्यांदा इंडोनेशियातच विकायला काढला. मग भारतात एल-८०० आला, सहा रंगांचा, बाजूला अडकवलेली टाकी. पुढं एल-८०५, आता एल-८०५०. म्हणजे ज्याला आपण कंपनीचा प्रिंटर म्हणतो, तो आशियातल्या छोट्या दुकानदारांनी गरजेपोटी केलेल्या जुगाडाचा पोरगा आहे. मला हे वाचून फार आनंद झाला. सौ.ला वाचून दाखवलं.

९ मे

संध्याकाळी पिंपळगाव देवीकडची एक मावशी आली. पिशवीत साडीच्या घडीत गुंडाळलेली फ्रेम. काच फुटलेली, बहुतेक खूप आधीच. नवऱ्याचा फोटो, तीन वर्षांपूर्वी कुठल्यातरी शहरातल्या स्टुडिओतून काढून आणलेला.

"भाऊ, यायचा चेहरा असा लाल काहून झाला? उद्या आखाजी हाये. मले हाच पुजाले लागते."

चेहरा खरंच विटकरी झाला होता. पांढरी टोपी गुलाबी, मागची भिंत केशरी. मूळ फाइल विचारली.

"मोबाइल तं कवाचाच गेला. पोराच्या हातून हिरीत पडला."

म्हणजे या माणसाचा चेहरा जगात एवढाच उरलाय. आखाजीला पितरांना घास टाकायचा, घागर पुजायची आणि समोर हा फोटो.

फ्रेममधून काढून स्कॅन केला. मग तिन्ही रंगांचे चॅनल वेगवेगळे उघडले. सायन, म्हणजे निळसर शाई, लाल प्रकाश शोषते. तीच उडून गेल्यानं लाल चॅनलमध्ये चेहरा जवळजवळ कोरा, डोळ्यांच्या जागी दोन पुसट डाग. हिरवा चॅनल उघडला आणि मावशी मागून एकदम म्हणाली, "हे पाहा! हे पाहा, हेच हायेत." मिशीचा प्रत्येक केस, टोपीची घडी, कपाळावरच्या तीन आठ्या, सगळं होतं. किरमिजी शाई अजून जागेवर होती, ती हिरव्या चॅनलमध्ये दिसते. त्याच चॅनलवरून काळा-पांढरा फोटो बांधला. लाल चॅनल ताणून थोडा रंग परत आणता आला असता, पण तो अंदाजपंचे झाला असता. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांच्या कातडीचा रंग मी कसा ठरवणार? मावशीला विचारलं. काळा-पांढराच चालेल म्हणाली, सासऱ्यांचा पण तसाच आहे भिंतीवर.

माझ्या प्रिंटरवर हा फोटो छापायचा नव्हता. काळ्या-पांढऱ्यात करडे टोन बनवायला फिकट निळी-किरमिजी शाई लागतेच, आणि नेमकी तीच नळी हवा ओढते आहे. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मोटारसायकलवर मलकापूरला गेलो, लॅबमधून चांदीच्या क्षारांच्या फोटो कागदावर प्रिंट काढून आणली. मावशी तोवर सौ.पाशी चहा घेत बसली होती. नवी काच लावून दिली आणि शेवटच्या गाडीला बसवलं.

१० मे, अक्षय्य तृतीया

दुकान बंद. घरी पुरणपोळी, आमरस, घागरीची पूजा. आजोबांचा फोटो पुसला. साठच्या दशकातला, काळा-पांढरा, कडेनं जरा पिवळसर, पण डोळ्यांत अजून चमक आहे. त्याच्या शेजारी आई-बाबांचा लग्नातला रंगीत फोटो आहे, १९८१ चा. तो पार लालसर झालाय.

सौ. म्हणाली, "तुम्ही छापलेले कोणते फोटो असे होतील, ते तुम्हाला माहीत आहे का?"

संध्याकाळी दुकान उघडून चाचणी मांडली. एकच फोटो, भाच्याचा, सावळा रंग, पांढरा शर्ट. बाजारातल्या खुल्या शाईत, आणि बुलढाण्याच्या मित्राकडून त्याच्या एल-८०५ वर कंपनीच्या शाईत. दोन्ही शाया दोन कागदांवर: साधा ग्लॉसी १८० जीएसएम आणि आरसी २७० जीएसएम. असे तीन संच. प्रत्येक फोटोची अर्धी बाजू काळ्या जाड कागदानं झाकली. एक संच खिडकीत उन्हात, एक आतल्या भिंतीवर काचेविना, पंख्याच्या वाऱ्यात, आणि एक काचेच्या फ्रेममध्ये त्याच भिंतीवर.

१४ मे

आई-बाबांच्या फोटोचं कोडं सुटलं. फोटोच्या टिकाऊपणावर आयुष्य घालवलेला हेन्री विल्हेल्म नावाचा अमेरिकन माणूस आहे. त्याचं १९९३ चं मोठं पुस्तक याच विषयावर आहे. त्या काळच्या रंगीत फोटो कागदातला सायन रंग अंधारात ठेवला तरी हळूहळू विरायचा. त्यामुळं सत्तर-ऐंशीच्या दशकांतली कितीतरी लग्नं आज घरोघरी लाल झाली आहेत.

इंकजेटलाही हे भोगावं लागलं. २००० साली एप्सनच्या फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांचे फोटो काही ठिकाणी काही दिवसांतच केशरी पडायला लागले. कंपनीनं सांगितलेलं आयुष्य वर्षांचं होतं. ऊन कारण नव्हतं, हवा कारण होती. हवेतल्या ओझोननं सायन शाई खाल्ली, कारण लवकर वाळणारा तो कागद सच्छिद्र होता आणि शाई हवेला उघडी पडली होती. पिंपळगावच्या मावशीच्या फुटक्या काचेत जे झालं ते हेच.

आरसी कागद सुरक्षित, असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळं तो वळत नाही, सुरकुततही नाही, हातात घेतला की लॅबच्या फोटोसारखा वाटतो. पण वरचा शाई पिणारा थर त्याचाही सच्छिद्रच असतो. हवा तिथंही शिरते. शाईला मिटून घेणारा जिलेटिनसारखा थर असलेले कागद पूर्वी मिळायचे, पण ते वाळायला वेळ घ्यायचे आणि पावसाळ्यात चिकटायचे. आता कुणी ठेवत नाही.

पिगमेंट शाईचा विचारही करून पाहिला. डाय शाई पाण्यात विरघळलेला रंग असते, कागदात मुरते. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते वर बसतात आणि उन्हा-हवेला जास्त दाद देत नाहीत. मग सगळ्यांनी तेच का वापरू नये? कारण माझ्यासारख्यांच्या प्रिंटरांचं हेड डायसाठी आहे. पिगमेंट घातलं की या उन्हाळ्यात छिद्रं लवकर बंद पडतील, आणि ग्लॉसी कागदावर तिरक्या उजेडात काळ्या केसांवर तांबूस झाक येते. पिगमेंटचे खरे फोटो प्रिंटर आठ-दहा रंगांचे असतात. ते आपल्या आवाक्यात नाहीत.

२३ मे

हिशेब. एल-८०५ च्या सहा बाटल्या, प्रत्येकी ७० मिलीलिटर, म्हणजे ४२० मिलीलिटर. कंपनी सांगते की एवढ्यात चार बाय सहाचे सुमारे १,८०० फोटो निघतात. फोटोमागे पाव मिलीलिटरहूनही कमी. क्लीनिंगमध्ये जाणारी शाई धरली तर प्रत्यक्षात जास्त लागेल, तरी अंदाज येतो. ए-फोर क्षेत्रफळात चार बाय सहाच्या चौपट, म्हणजे साधारण एक मिलीलिटर, फार तर दीड.

आता अस्सल शाई बाजारातल्या खुल्या शाईच्या कितीतरी पट महाग. पण ए-फोरमागं हा फरक किती? एक-दोन चहांच्या पैशांचा. कागद, काच, फ्रेम, माझी मेहनत यांपुढं तो काहीच नाही. पासपोर्टला मात्र उलटं. एका कागदावर आठ-दहा फोटो, दिवसभर रांग, भाव ठरलेला, आणि तो फोटो अर्जावर चिकटून तहसीलच्या फायलीत जातो. त्याला पन्नास वर्षं जगायचं नाही. तिथं स्वस्त शाई चालते आणि चालायलाच हवी, नाहीतर मजुरी करणाऱ्या माणसानं फोटोला किती द्यायचे?

आजवर मी एकच शाई सगळ्याला वापरत आलो, सगळेच वापरतात. माझा विचार आता दोन प्रिंटरांकडे वळतोय.

चार रंगांचा टाकीवाला प्रिंटर घ्या, स्वस्त पडतो, असंही दोघांनी सुचवलं. कार्यालयाला ठीक. फोटोला नको. फिकट निळा आणि फिकट किरमिजी नसले की गालाच्या उजळ भागात ठिपके दिसतात. कॅननचा सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर आहे, त्यात फिकट रंगांऐवजी लाल आणि करडा. करड्यामुळं काळे-पांढरे फोटो सुरेख येतील असं वाटतं. पण आमच्या टापूत मेकॅनिकच्या हातात एप्सन बसलाय, सुटे भाग मलकापूर, बुलढाणा, कुठंही मिळतात. बिघडल्यावर आठ दिवस वाट पाहणं मोताळ्यात परवडत नाही.

९ जून

मृगाचा पाऊस झाला. गावात कुणी फोटो काढायला येत नाही. सगळे बियाणं-खताच्या मागे. कपाशी आणि सोयाबीनच्या पिशव्या भरलेल्या गाड्या दुकानासमोरून जातात. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत आता असंच.

चाचणीचे काळे कागद काढले.

खिडकीतला संच, खुली शाई, साधा ग्लॉसी: उघडी बाजू हिरवट. भाच्याचा गाल आजाऱ्यासारखा. उन्हानं किरमिजी रंग खाल्लाय. झाकलेली बाजू ताजी, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. खुली शाई, आरसी: थोडं कमी, पण रेघ दारातून दिसते. कंपनीची शाई, आरसी: रेघ शोधावी लागते, शर्टाच्या सावलीत अगदी पुसट सापडली.

भिंतीवरचा काचेविना संच: खुल्या शाईत दोन्ही कागदांवर चेहरा किंचित तांबूस. ऊन नाही, तरीही. इथं सायन गेला. म्हणजे कागद बदलून फारसं वाचलं नाही, हवा दोन्हीकडे पोचली. कंपनीच्या शाईत अजून काही दिसत नाही.

काचेतला संच: मला कुठंच रेघ सापडली नाही. खुल्या शाईतही नाही.

एवढ्या थोड्या दिवसांवरून दहा वर्षांचं सांगता येणार नाही. फ्रेमचा संच भिंतीवरच ठेवतो. पण काच किती महत्त्वाची आहे, हे मी ऐकून होतो. आज दोन तुकडे शेजारी धरून पाहिलं.

१६ जून

एल-८०५० आणला. खोक्यातून काढून पहिल्यांदा बाटल्या ओतल्या. सहा रंग टाकीत उतरताना पाहणं सुंदर असतं, फिकट किरमिजी तर रूहअफजासारखा. पहिल्या भरणीत बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते, टाकीची पातळी त्यामुळं लगेच उतरते. घाबरायचं कारण नाही. नळ्या आतच आहेत, हाताला लागत नाहीत, कुत्र्या-मांजराच्या पायात येत नाहीत, उन्हात कडक होत नाहीत.

पहिली प्रिंट भाच्याचीच काढली. कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये बरोबर निवडला आणि बाकी काहीच केलं नाही. सावळा रंग सावळाच आला. खुल्या शाईत इतकी वर्षं मी हातानं लाल कमी कर, पिवळा वाढव, असं करत होतो, कारण प्रिंटरमधला रंगांचा तक्ता कंपनीच्या शाईसाठी बनवलेला असतो. शाई बदलली की तक्ता चुकतो. त्यासाठी वेगळं प्रोफाइल बनवून घेता येतं, पण खुल्या शाईची पुढची बाटली मागच्यासारखीच असेल याची खात्री कोण देणार?

जुन्याला फेकलं नाही. मेकॅनिककडून नवं किट बसवून घेतलं, मऊ नळ्या, नवी बुचं. नळ्या हेडच्या गाडीसोबत शेवटच्या टोकापर्यंत न ताणता जातात का, ते झाकण उघडं ठेवून हातानं सरकवून पाहिलं. एका ठिकाणी नळी अडत होती, क्लिप दोन बोटं मागं घेतली.

३ जुलै

लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि सकाळी शटर उघडायच्या आधीच ओट्यावर बाया. कडेवर पोरं, हातात रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक. रोहिणखेड, धामणगाव बढे, शेलापूर, कुठून कुठून आलेल्या. पदर डोक्यावरून घेऊ की नको, कुंकू मोठं दिसतंय का, सगळी चौकशी. सौ. एकीकडे केस नीट करून देते आणि दुसरीकडे पैसे घेते. जुना प्रिंटर दिवसभर न थांबता चालला. दुपारी लाइन गेली, इन्व्हर्टरवर तसाच चालू राहिला. संध्याकाळी नोझल चेक काढला, साही रंग पूर्ण.

एका म्हातारीनं पासपोर्टचे फोटो घेतल्यावर विचारलं, "बाप्पा, याच्यातला एक मोठा करून दे ना. घरी लावाले."

तिची फाइल नव्या प्रिंटरवर पाठवली. काउंटरवर आज भावाची पाटी बदलली आहे: ए-फोर फोटो फ्रेम आणि काचेसह एकच भाव, बिनफ्रेमचा ए-फोर नाही. दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. त्यांना चाचणीतले भिंतीवरचे तुकडे दाखवले, झाकलेली बाजू आणि उघडी बाजू. एकानं फ्रेम घेतली, दुसरा उद्या येतो म्हणाला. प्रत्येक ए-फोरची फाइल आता तारीख आणि गावाच्या नावानं दोन हार्ड डिस्कवर ठेवतोय, मोबाइल विहिरीत पडला तरी चेहरा इथं राहील.

आरसी कागदाची पाकिटं संपत आली आहेत. उद्या अकोल्याला फोन करून मागवायची, आणि फ्रेमवाल्याला ए-फोरच्या मापाच्या काचा जास्त कापून ठेवायला सांगायचं.